यंत्राला हुकूम देताना



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. अशा माणसाने संगणकावर बोलावे याचे आपणांइतकेच मलाही नवल वाटते. पण पन्नाशी उलटल्यावर मी एक विद्या शिकलो आणि शिकताना एका कामगाराचे नुकसान करून बसलो होतो, ती हकिगत सांगण्याजोगी आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीत सभासदांची नेमणूकपत्रे आणि पगारपत्रके स्कॅन करून ठेवतात. स्कॅनर त्यांना नावे देतो ती स्कॅन १, स्कॅन २ अशी. ग्रॅच्युइटीचा दावा लावायला आलेला माणूस बाकावर बसून राही आणि आम्ही एकेक फाइल उघडून पाहत असू. शेवटी एका सभासदाच्या मुलाने मला काळ्या खिडकीपुढे बसवले. तिला टर्मिनल म्हणतात. तिथे चित्रे नाहीत, फक्त हुकूम लिहायचा. नाव बदलण्याचा हुकूम 'एमव्ही'. आधी जुने नाव, मग नवे. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत हाच हुकूम आहे, आणि आजही तो चालतो.

पहिली अडचण मोकळ्या जागेची. 'पगार पत्रक' असे तोडून लिहिले की यंत्र त्याची दोन नावे समजते. म्हणून नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हे घालावी लागतात. दुसरी गोष्ट आकड्यांची. यंत्र नावे अक्षरवार लावते, त्यामुळे १० हा २ च्या आधी येतो. ००२ लिहिले की रांग सरळ होते. तारखेतही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.

एवढे शिकल्यावर मला धीर आला. एका यादीत जुनी नावे आणि त्यांच्यासमोर कामगारांची नावे लिहिली, ती ओळीने वाचून नाव बदलणारी चार ओळींची स्क्रिप्ट केली आणि चालवली. क्षणात काम झाले! आधी ४१२ फायली होत्या. मोजल्या तर ४११.

एकाच खात्यात एकाच नावाचे दोघे होते. दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या नावावर गेली, आणि 'एमव्ही'ने पहिली पुसून टाकली. विचारले नाही, कचरापेटीतही ठेवली नाही. आमचे कामगार हुकूम असे निमूटपणे पाळते, तर मला दुसरा धंदा शोधावा लागला असता! खरे म्हणजे दोष यंत्राचा नव्हताच. मी प्रत काढून ठेवली नव्हती, आणि स्कॅनरवरचे मूळ कागद तर आम्ही केव्हाच परत दिले होते.

आता मी स्क्रिप्टमध्ये 'एमव्ही'च्या आधी 'एको' हा शब्द घालतो. मग यंत्र काम करीत नाही, काय करणार होते तेवढे छापून दाखवते. ती यादी दोघांनी वाचायची, नवे नाव दोनदा आले आहे काय ते पाहायचे, आणि मगच 'एको' काढायचा. शिवाय 'एमव्ही'ला 'एन'ची खूण जोडली की त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते तिला हात लावीत नाही.

ज्याची फाइल गेली त्याच्या घरी मी स्वतः गेलो. वहिनींनी खाटेखालची ट्रंक ओढली. नेमणूकपत्र होते, घडीवर फाटलेले, पण तारीख वाचता येत होती. ते पुन्हा स्कॅन केले, आणि या खेपेस नावापुढे तिकीट नंबर घातला.