निर्वासित मुलांच्या बाई
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

१९४५ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात, ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात सहा मुलं राहायला आली. सगळी तीन-चार वर्षांची, जर्मन ज्यू कुटुंबांतली. आईवडील नाझींच्या अत्याचारांत गेलेले. मुलं तान्ह्या वयातच टेरेझिनच्या नाझी छावणीत येऊन पडली आणि तिथल्या पोरक्या मुलांच्या कक्षात वाढली. पहिल्या काही दिवसांतच त्यांनी घरातली सगळी खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली. मोठं माणूस जवळ आलं की मारत, चावत, थुंकत. नाहीतर त्या माणसाकडे ढुंकूनही बघत नसत.

आजही एखाद्या बालवाडीत असं मूल आलं, तर चार दिवसांत त्याच्यावर ‘हट्टी’, ‘मारकुटं’ असा शिक्का बसतो. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि या घरात मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डॅन यांनी घाई केली नाही. त्या बघत राहिल्या, टिपणं काढत राहिल्या, आणि १९५१ साली त्यांनी या सहा मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो बालमानसशास्त्रात आजही वाचला जातो. त्यातल्या नोंदी बारकाईनं वाचाव्यात अशाच आहेत. एका मुलाला आणखी केक हवा होता, तो संपला म्हणून ते रडू लागलं. तर दोघी मुलींनी आपल्या वाट्याचा उरलेला केक त्याला दिला आणि तो खात असताना त्या त्याला कुरवाळत राहिल्या. फिरायला गेल्यावर एकाचे हातमोजे हरवले. दुसऱ्यानं आपले काढून त्याला दिले, आणि स्वतःचे हात गारठले म्हणून एकदाही कुरकुर केली नाही. मोठ्यांना चावणारी ही मुलं एकमेकांना क्षणभरही सोडायला तयार नव्हती. आई नव्हती, घर नव्हतं. हे सहा जण हेच एकमेकांचं घर होतं.

त्यांना शिस्तीच्या नावाखाली वेगवेगळं केलं असतं, तर त्यांच्यापाशी उरलेलं ते एकमेव घरही मोडलं असतं. मुलांचा सांभाळ करणाऱ्या सोफी आणि गर्ट्रूड डॅन या बहिणींनी ती चूक केली नाही. मुलांनी पुढे मोठ्यांवर माया केली तीही आधी त्याच रीतीनं: एकमेकांना जसं वाटून देत, तसं या बाईंनाही देऊ लागली. या दोघी कोण होत्या? जर्मनीतल्या आउग्सबुर्गमधून जीव वाचवून आलेल्या ज्यू बहिणी. म्हणजे त्याही निर्वासितच. मुलं जे मोडकंतोडकं जर्मन बोलत होती, ते त्यांना कळत होतं.

हा योगायोग मानून सोडून देण्यासारखा नाही. निर्वासित मुलांसाठी झालेलं चांगलं काम जिथे जिथे दिसतं, तिथे बहुधा मुलांच्या बाईही त्याच वाटेनं आलेल्या असतात.

आपल्या कोल्हापूरजवळची वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी आठवावी. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. त्यांतली काही १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यांतले सुमारे पाच हजार जण १९४३ पासून पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. तिथे बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत पोलिश शाळा चालल्या आणि शिकवणारे छावणीतलेच पोलिश लोक होते. १९४८ साली छावणी बंद झाली, पण तिथे वाढलेली माणसं म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली.

आता आजच्या काळात यावं. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक रोहिंग्या लष्करी हिंसाचारापासून जीव वाचवत म्यानमारमधून बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. ‘ब्रॅक’ या तिथल्या संस्थेनं छावण्यांत लहान मुलांसाठी खेळघरं उभी केली. शाळेची बाकं आणि पाटी-पेन्सिल आधी आणण्याऐवजी संस्थेनं रोहिंग्या आयांना विचारलं, की तुमच्याकडे लेकरं काय खेळतात, काय म्हणतात? त्यातून ‘कब्बिया’ हाती लागल्या. हातपाय हलवत, ताल धरत म्हणायची ही बडबडगीतं. छावणीतल्याच तरुण रोहिंग्या मुलींना शिकवून ताई केलं गेलं. भिंतींवर नक्षी त्यांचीच, गोष्टी त्यांच्याच, बोली त्यांचीच. ज्या मुलानं घर जळताना पाहिलं, त्याला आजीच्या तोंडचं गाणं इथेही ऐकू येतं. याचं मोल मोजायला कुठल्याही पट्टीची गरज नाही. पुढे ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची टीव्ही मालिका बनवणाऱ्या ‘सेसमी वर्कशॉप’नं नूर आणि अझीझ ही सहा वर्षांची जुळी रोहिंग्या बाहुली-भावंडं तयार केली. त्यातल्या नूरला मोठ्या आवाजाची भीती वाटते. स्वतःसारखी घाबरणारी बाहुली समोर आली की मूल आपली भीती तिच्या तोंडून बोलू शकतं.

भारतात मात्र या वयाच्या निर्वासित मुलांचा प्रश्न कागदावरही अर्धवटच आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सुरू होतो तोच सहाव्या वर्षापासून. जन्मापासूनची पहिली सहा वर्षं, म्हणजे मेंदूची सर्वांत झपाट्यानं वाढ होण्याचा काळ, या हक्काबाहेरच राहतात.

म्हणून या सभागृहात बसलेल्या प्रत्येक बालवाडीच्या ताईला, प्रत्येक संस्थाचालकाला हात जोडून सांगणं आहे. परमुलखातून उखडून आलेलं मूल तुमच्या दाराशी आलं, तर पहिल्या दिवशी त्याला ‘काय झालं होतं रे?’ असं विचारू नका. त्याच्या आईला किंवा आजीला काही दिवस वर्गातच बसू द्या. भावंडांना वयाच्या तुकड्यांत वाटू नका. रोज एकाच माणसानं त्याला दारात घ्यावं. आणि त्याच वस्तीतली एखादी बाई तुमच्याकडे काम मागायला आली, तर कागदपत्रांची तपासणी नियमानं जरूर करा, पण तिची बोली आणि तिची गाणी हीच तिची सर्वांत मोठी पात्रता मानून तिला मदतनीस म्हणून घ्या.