गुंगी घ्यावी की फवारा पुरे?



पोटात दुर्बीण घालावी लागेल म्हटलं, की आपल्या पाथर्डी भागातल्या माणसाला आजारापेक्षा त्या नळीचीच धास्ती बसते. ऊसतोडीला जाणारी कितीतरी माणसं अंगदुखीच्या गोळ्या खाऊन मोळ्या वाहतात. रोजच्या गोळ्यांनी जठराला व्रण पडतो, कधी शौचाला काळं होतं. अशा वेळी ही तपासणी टाळून चालत नाही. पण कुणीतरी सांगतं, ‘लई गुदमरतं,’ आणि माणूस घरी बसतो. तेवढ्यात टोळी कारखान्यावर निघते आणि तपासणी पार उन्हाळ्यावर जाते.

नळी अन्ननलिकेतून जाते, श्वासाची वाट मोकळीच असते. जठराची तपासणी साधारण पाच ते दहा मिनिटांत उरकते. ती सुसह्य कशी करायची, एवढाच प्रश्न असतो.

सगळ्यांत साधा उपाय म्हणजे घशात लिग्नोकेनचा कडू फवारा. घसा बधिर होतो, माणूस जागा राहतो. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण उठून लगेच चालता येतं. घसा पूर्ववत होईपर्यंत मात्र पाणीसुद्धा प्यायचं नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. वयस्कर माणसं फवाऱ्यावर बरीच निभावून नेतात. तरुण आणि आधीच घाबरलेले यांना ते जड जातं. ब्रिटनमध्ये पुष्कळ जण एवढ्यावरच जठराची तपासणी करून घेतात, अमेरिकेत बहुतेकांना गुंगी देतात.

गुंगीसाठी मिडॅझोलॅम शिरेतून देतात. हाक ऐकू येते, सांगितलं तर कूस बदलता येते, नंतर मात्र फारसं आठवत नाही. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध. त्यानं मिनिटभरात झोप लागते आणि काम संपल्यावर जागही लवकर येते. पण श्वास मंदावू शकतो, आणि मिडॅझोलॅमवर जसा फ्लुमॅझेनिलचा उतारा आहे, तसा प्रोपोफॉलवर नाही. म्हणून भूलतज्ज्ञ शेजारी हवाच, आणि खर्चही वाढतो.

मोठ्या आतड्याच्या तपासणीबाबत 2008 साली कॉक्रेन या संस्थेचा एक आढावा आला. त्यात प्रोपोफॉल घेतलेले रुग्ण जास्त समाधानी आणि लवकर सावध झालेले दिसले. ती तपासणी लांबते, पोटात हवा भरावी लागते, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. पण मिडॅझोलॅम घेतलेला रुग्ण ‘काहीच झालं नाही’ म्हणतो, तेव्हा त्रास झालाच नाही की झालेला विसरला, हे त्यालाही सांगता येत नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलेलंही तो असाच विसरतो. ‘अंगदुखीच्या गोळ्या बंद करा, तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्ट न्यायला या,’ यावर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा त्याच गोळ्या घेतो. म्हणून हे सगळं सोबतच्या माणसाला सांगितलं पाहिजे आणि कागदावर लिहून दिलं पाहिजे.

आता परतीचं बघा. गुंगीनंतर 24 तास गाडी चालवायची नाही. नगरला एकटाच मोटारसायकलवर गेलेला माणूस करंजी घाट कसा ओलांडणार? त्याला फवाराच बरा. गुंगीच हवी असेल, तर घरचं कुणीतरी बरोबर न्यावं. ही निवड आदल्या दिवशी, घरच्यांसमोर, खर्चासकट व्हायला हवी. उपाशीपोटी टेबलावर आडवं झाल्यावर ‘गुंगी देऊ का?’ विचारलं, तर माणूस भीतीपोटी हो म्हणतो किंवा पैशांपोटी नाही म्हणतो. त्याला मी संमती मानत नाही.

तुम्हीही काही लपवू नका. झोपेत घोरणं, दमा, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं औषध, रोजची दारू, हलणारा दात, कवळी, सगळं आधीच सांगा. बायकांनी नवऱ्याच्या दारूची गोष्ट त्याच्यासमोरच बोलून टाकावी. भुलेचं प्रमाण ठरवताना ती लागते.