शिक्षा बापाला, मुलाला नाही



मारहाणीच्या खटल्यात नवऱ्याला शिक्षा झाली, तेव्हा वाटलं, मुलगा आता माझाच. नातेवाईक म्हणाले, "सात वर्षांचा झाला की बापाकडं जाणार, शरियतच आहे." दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या निघाल्या.

१८९० चा पालक व पाल्य कायदा आपल्यालाही लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार कोर्ट मुलाचं हित बघतं. त्यात वय, धर्म, पालकाचं चारित्र्य सगळं येतं. पत्नीच्या मृत्यूप्रकरणी खटला चालू असलेल्या एका बापाला २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ताबा नाकारला. मूल आईच्या आईवडिलांकडंच राहिलं. पण शिक्षा झाली म्हणून बापाचा हक्क आपोआप संपत नाही.

मी निकालाची सर्टिफाइड कॉपी पुढं केली. न्यायाधीशांनी विचारलं, "शाळेत कोण सोडतं? ताप आला तर कोण जागतं?" ही उत्तरं तयार ठेवा. मुलाला पढवू नका; न्यायाधीश त्याच्याशीही बोलू शकतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

शिक्षा भोगून आलेला बाप आज महिन्यातून एकदा मुलाला भेटतो. मीच हो म्हणाले. शिक्षा मुलाला झाली नव्हती.