संततिनियमन : निर्णय कोणाचा?
(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरात मुले किती असावीत, या विषयावर बोलण्यास आपल्या कुटुंबांत अजूनही संकोच वाटतो. परंतु हा निर्णय कोणी करावयाचा, यावर आपल्या भगिनींचे आरोग्य आणि आपल्या समाजाचा मान ही दोन्ही अवलंबून आहेत. म्हणून आज संकोच बाजूस सारून बोलू या.

महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. सनातन्यांनी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर.

परंतु त्याच काळात या चळवळीला दुसरा एक विचार येऊन चिकटला. त्याचे नाव सुप्रजनन, म्हणजे युजेनिक्स. हे नाव फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने १८८३ साली दिले. 'चांगल्या' कुळांची प्रजा वाढावी आणि 'हीन' कुळांची खुंटावी, हा त्याचा सारांश. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली श्रमिकांच्या वस्तीत केंद्र काढले. पण पुढे त्याही 'अयोग्य' लोकांची संतती रोखण्याची भाषा बोलू लागल्या. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार केला, आणि त्याला प्रस्तावना सँगरबाईंची होती. आपले सोलापूरही यापासून दूर नव्हते. येथे 'सोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी' या नावाची संस्था होती. तिच्या कार्याशी संबंधित असलेले डॉ. पिल्ले यांनी १९३४ पासून मुंबईहून 'मॅरेज हायजीन' हे नियतकालिक काढले.

मित्रहो, उच्च बीज आणि नीच बीज हे शब्द आपल्या कानांना नवे आहेत काय? मनुस्मृतीने जे धर्माच्या नावाने सांगितले, तेच येथे शास्त्राच्या नावाने सांगितले गेले. याच सोलापुरात 'सेटलमेंट'च्या तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली होती. १८७१ साली प्रथम झालेल्या कायद्याने त्यांच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक कायद्यातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांनी हा भ्रम ओळखला होता. जातिभेदामुळे वंश शुद्ध व सुदृढ राहतो, या दाव्याचा त्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात समाचार घेतला. वंश सुधारावयाचा तर पोटजातींतील विवाहास बंदी कशाला, आणि सहभोजनाने बीज कसे बिघडते, असे त्यांचे प्रश्न होते. पण सुप्रजननाचा दावा खोटा म्हणून त्यांनी संततिनियमन टाकून दिले नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल होऊ द्यावयाचे की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, ही त्या भाषणाची भूमिका होती. सभागृहाने ठराव फेटाळला.

स्त्रीची इच्छा बाजूस सारून सत्ता निर्णय घेऊ लागली की काय होते, हे जगाने पाहिले. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने सुमारे चार लाख माणसांवर सक्तीने नसबंदी झाली. आणीबाणीत आपल्या देशातही गरिबांना धरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यात आले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

म्हणून आपण साधन आणि सिद्धान्त यांत भेद करावा. साधन स्वीकारावे, सिद्धान्त नाकारावा. कोणी कुटुंब लहान ठेवण्याचा उपदेश करू लागला, तर विचारावे : हे त्या बाईच्या सुखासाठी, की आमची संख्या तुम्हाला खुपते म्हणून? हाच प्रश्न आपण स्वतःच्या घरातही विचारावा. मुलगा हवा म्हणून पत्नीला पुन्हा पुन्हा बाळंतपणाच्या खाईत लोटणारा नवरा आणि सक्ती करणारा अंमलदार, दोघेही तिची इच्छा पायदळी तुडवितात.

माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच किंवा श्रेष्ठ ठरतो, ही तथागतांची शिकवण. आपण दीक्षा घेतली ती या शिकवणीची. बंधूंनो, आज घरी गेल्यावर आपल्या पत्नीला विचारा की तिची इच्छा काय आहे. आणि ती जे सांगेल ते माना.

जयभीम. नमो बुद्धाय.