जुने दाखले आणि क्लाऊडची पेटी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपला समाज इतर मागासवर्गात मोडतो. जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला वा कोतवाल बुकाची नक्कल, जिच्यावर जिल्हा 'चांदा' असा लिहिलेला असतो, ती आपली खरी दौलत होय. १९८२ पर्यंत गडचिरोलीही त्याच जिल्ह्यात होती.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर घराघरांत शिरला. भिजलेला कागद परत मिळत नाही. तेव्हा मुलांनी दाखल्यांची छायाचित्रे क्लाऊडवर ठेवावी हे उचितच आहे. परंतु क्लाऊड म्हणजे आभाळातला ढग नव्हे. ती दूरच्या कंपनीच्या यंत्रांतील जागा असून तिची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड.

जंगलपट्टीतील विद्यार्थी तालुक्याच्या ऑनलाईन केंद्रात जातो, तेथील संगणकावर खाते उघडतो आणि बस सुटेल म्हणून ते तसेच टाकून निघतो. मागून येणाऱ्यास घरची आधारकार्डे व बँकेची पासबुके मोकळी होतात. यास्तव काम होताच लॉग आऊट करावे. दुहेरी पडताळणी चालू ठेवावी, म्हणजे नुसत्या पासवर्डाने दार उघडत नाही. ओटीपी कोणासही सांगू नये.

दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. कर्ता पुरुष गेला व पासवर्ड कोणास ठाऊक नसला, तर घराण्याचा पुरावाही जावयाचा. खात्यातच विश्वासू माणूस आधी नेमून ठेवण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.

आता मंडळाविषयी. वधूवरांच्या याद्या, मुलींचे दूरध्वनी क्रमांक व छायाचित्रे यांसह, कोणासही उघडता येईल अशा लिंकवर ठेवणे आम्हांस मान्य नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. मंडळाने संमतीवाचून माहिती घेऊ नये, ती मोजक्याच कार्यकर्त्यांच्या हाती ठेवावी आणि विवाह जुळताच पुसून टाकावी, अशी आमची सूचना आहे.

शेवटी एवढेच की, छायाचित्र ही केवळ प्रत होय. मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, उंचावर ठेवावा. लेकीची माहिती आणि आजोबांचा दाखला, दोन्ही सारख्याच जिवापाड जपण्याच्या गोष्टी आहेत.