लागून

मला भाषण येत नाही. एका शब्दाबद्दल बोलतो आन् खाली बसतो.

शब्द इंग्रजीतला. कंटिग्युअस. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या अभ्यासिकेत बाबासाहेबांचं पाकिस्तानवरचं पुस्तक वाचत होतो. मार्च 1940 चा लाहोरचा ठराव त्यात छापलाय, तिथं हा आडवा आला. डिक्शनरी काढली. ज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात ते. पुढं मूळ दिलेलं : लॅटिन, स्पर्श करणे. त्याच मुळातून निघालेला दुसरा शब्द कंटेजन, म्हणजे संसर्ग. आपण विटाळ म्हणू.

साला, थंडच पडलो. मराठीतही तेच की! घर घराला लागून असतं, आन् रोगाची लागण होते.

आमच्या आज्यानं घेतलेल्या तुकड्याचं खरेदीखत आहे. चतुःसीमा : पूर्वेस महारवाडा, पश्चिमेस लागून पाटलाचा मळा. बांधाला बांध. त्याच्या म्हशी आमच्या बांधावरचं गवत खायच्या, त्यांना विटाळ नव्हता. आजी मात्र त्याच्या विहिरीत दोर सोडू शकत नव्हती. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी.

1947 साली रॅडक्लिफला पंजाब-बंगाल कापायला बसवलं, त्या हुकुमातही हाच शब्द. मुस्लिम आणि बिगरमुस्लिम बहुसंख्येचे लागून असलेले प्रदेश शोधा. खुलना जिल्ह्यात बिगरमुस्लिम किंचित जास्त, तरी तो पूर्व पाकिस्तानात गेला. तिथले नामशूद्र म्हणजे आपलीच माणसं. 1946 त बाबासाहेबांना संविधान सभेवर निवडून दिलं ते बंगालनं, जोगेंद्रनाथ मंडलांच्या खटपटीनं. हेच मंडल पुढं पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, आन् 1950 त राजीनामा देऊन भारतात परतले. नामशूद्रांना कुठल्या रकान्यात धरलं? बिगरमुस्लिम. मोजताना सवर्णांना लागून, पंगतीला लांब.

डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्याकडं नवी पाटी लागली. खरेदीखतातली पूर्व बदलेल. पश्चिमेला विहीर तिथंच आहे, मळा आता नातवाकडं. गेल्या उन्हाळ्यात तो मोटारीचं पाणी विकत होता. आम्ही पैसे घेऊन गेलो. पाइप बांधावरून आणावा लागतो म्हणाला, विचार करून सांगतो.

वस्तीवर अजून टँकर येतो.