वाटणीत न येणारा गोठा

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

चारच दिवसांपूर्वी पोळा झाला. तारनाक्यात आपण मातीचे बैल पुजतो. उदगीरजवळच्या आमच्या गावी माझा धाकटा भाऊ खरे बैल धुतो. आजोबांनी उभा केलेला गोठा आता त्याचा मुलगा पाहतो, म्हणजे चौथी पिढी.

सातबाऱ्यावर माझेही नाव आहे. म्हणून उन्हाळ्यात पुतण्याचा फोन आला, "मोठे काका, देवणी सगळी काढून टाकावी म्हणतो. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो." मी चिडलो. देवणी म्हणजे आमच्याच भागाची गाय! पांढऱ्या अंगाची, काळ्या तोंडाची वानेरा गाय आजोबांच्या दारची शोभा होती. पण शोभेला वैरण लागते, हे इथे बसून कळत नाही.

गावी गेलो तेव्हा त्याने हिशेब मांडला. शेळी पाच महिन्यांत विते, उस्मानाबादी असेल तर बऱ्याचदा जुळी देते. दवाखाना, शाळेची फी तीच भागवते. म्हैस दहा महिने घेते, पण दुधाचा रोजचा पैसा तिचा. अंड्यांचा पैसा भावजयीचा, त्यात कोणी हात घालत नाही. (तिच्या वनराजा कोंबड्या मूळच्या आपल्या राजेंद्रनगरच्या संस्थेच्या, हे सांगितल्यावर तिला मोठी गंमत वाटली.) एक जनावर आटले तर दुसरे घर चालवते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या वर्षी आधी शेळ्याच विकल्या, म्हणून गायी राहिल्या.

मग अडले कुठे? कडब्यावर. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा आला, ज्वारी मागे पडली. दाणे बाजारात मिळतात हो, पण कडबा विकत घेऊन गाय पोसणे परवडत नाही.

बैलांबद्दल पुतण्याचे खरे होते, ते मी मान्य केले. गायींसाठी मात्र एक सुचवले : माझ्या वाट्याच्या दोन एकरांत यंदा हरभऱ्याऐवजी ज्वारी पेरा, मला उत्पन्न नको. भाऊ म्हणाला, "दादा, हे कागदावर नको." पुतण्या म्हणाला, "कागदावरच हवं. उद्या तुमची मुलं विचारतील." मुलांना मी अजून विचारलेले नाही, दोघेही इथे समोरच बसले आहेत.

बैलजोडी पोळ्यानंतर विकायची ठरली होती. काल फोन केला, तर गिऱ्हाईक येऊन परत गेले होते. भावाने दावे सोडले नाही.